एक मूल, चार फायली



या पानावर आपण बहुतेक वेळा एका आजाराविषयी बोलतो. कधी क्षयरोग, कधी मधुमेह, कधी बाईच्या अंगातलं रक्त कमी असणं. वस्तीत फिरताना भेटणारी काही मुलं मात्र अशी एका मथळ्यात मावत नाहीत. मुलाला फिट येतात, ते उशिरा बोललं, रात्री झोपत नाही, शाळेत दुसऱ्या मुलांना चावतं आणि आता बाराव्या वर्षी कोपऱ्यात एकटंच बसून रडतं. अशा मुलाच्या आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत चार फायली. एक मेंदूच्या डॉक्टरांची, एक कानाच्या, एक मानसोपचाराची आणि चौथीत शाळेतून आलेल्या चिठ्ठ्या. चारही फायलींवर नाव एकाच मुलाचं. पण एका टेबलावर काय लिहिलं गेलं ते दुसऱ्या टेबलाला ठाऊक नसतं. सगळं ठाऊक असतं ते त्या आईला, आणि तिला कोणी फारसं विचारत नाही.

आम्ही उरणपासून श्रीवर्धनपर्यंत किनारपट्टीच्या वस्त्यांत आरोग्याचं काम करतो. रुग्णालयाच्या वॉर्डात वर्षं काढल्यावर आम्हाला वाटायचं की आजार कळले. वस्तीत आल्यावर कळलं की आजाराबरोबर एसटीचं वेळापत्रकही कळावं लागतं. मुरूडहून अलिबागचं जिल्हा रुग्णालय पन्नास किलोमीटरच्या आसपास, श्रीवर्धनकडच्या माणसाला तर त्याच्या दुपटीहून जास्त. परळच्या केईएमला किंवा वाडिया रुग्णालयात पाठवलं तर आणखी पुढे. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद, मग वडखळमार्गे रस्त्याने. एका तारखेला एक दिवस जातो, दोन माणसांची मजुरी बुडते. चार डॉक्टरांच्या चार तारखा म्हणजे महिन्याचं काय होतं, हा हिशेब वाचकांनीच करावा. म्हणून पहिली गोष्ट: केसपेपर काढतानाच सांगा की आम्ही लांबून येतो, शक्य असेल तर दोन विभागांची तारीख एकाच दिवशी द्या. दर वेळी मिळेलच असं नाही. पण न मागता तर कधीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट वहीची. चार फायलींच्या वर एक शंभर पानी वही ठेवा. त्यात रोज चारच ओळी: किती वाजता झोपलं आणि उठलं, फिट आली का आणि किती मिनिटं टिकली, शौचाला झाली का, आणि आज नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. औषध बदललं तर त्या तारखेभोवती गोल करा. लिहिता येत नसेल तर खुणा चालतात. फिटसाठी फुली, शौचासाठी टिंब. एक आई असंच करते आणि तिची वही आम्हाला कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त सांगते. घरात स्मार्टफोन असेल तर फिट आल्यावर दुसऱ्या कोणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. डॉक्टरांसमोर फिट येत नाही आणि घाबरलेल्या माणसाला तिचं वर्णन करता येत नाही. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून डॉक्टरांना फिटचा प्रकार ओळखायला मोठी मदत होते.

वागणं बिघडलं की आधी तोंडात बघा

मुरूड तालुक्यातल्या एका वस्तीतला मुलगा. नाव देत नाही. वय अकरा, लहानपणापासून फिट, बोलणं दोन-तीन शब्दांचं. वर्षभर त्याने कोणाला हात लावला नव्हता. एका महिन्यात तो स्वतःच्या गालावर बुक्के मारायला लागला, जेवणाचं ताट फेकायला लागला, रात्रभर ओरडायला लागला. शाळेने काही दिवस घरी ठेवा म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे. एका ठिकाणी झोपेची गोळी वाढवून मिळाली. मग तो दिवसभर पेंगायचा आणि जाग आली की पुन्हा गालावर बुक्का.

आम्ही गेलो तेव्हा त्याच्या आईच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवून, मोबाइलच्या उजेडात तोंड पाहिलं. हिरड्या सुजून दातांवर चढल्या होत्या आणि मागच्या दाढेच्या मुळाशी पू होता. बुक्का बसत होता तो त्याच गालावर. त्याला चालू असलेलं फेनिटोइन हे फिटचं जुनं, स्वस्त आणि उपयोगी औषध आहे. पण ते बरीच वर्षं घेतल्यावर काहींच्या हिरड्या अशा वाढतात. दाढेवर उपचार झाले, मेंदूच्या डॉक्टरांनी औषध हळूहळू बदललं. दीड महिन्यात बुक्के जवळजवळ थांबले. फिट अजूनही अधूनमधून येते, बोलणं तितकंच आहे. पण तो शाळेत जातो.

ज्या मुलाला दुखणं सांगता येत नाही ते वागण्यातून सांगतं. म्हणून शांत मूल अचानक मारकुटं झालं, किंवा मारकुटं मूल अचानक गप्प झालं, तर मनाचं औषध वाढवण्याआधी शरीर तपासून घ्यावं. दात, कान आणि पोट. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांना, ज्यांना सेरेब्रल पाल्सी म्हणतात, बद्धकोष्ठाचा त्रास खूप असतो. स्वमग्न मुलांनाही असतो. तीन-तीन दिवस शौचाला न झालेलं मूल डोकं आपटतं आणि लोक म्हणतात हट्टी आहे. मुलगी वयात आली असेल तर पाळीच्या तारखा वहीत घाला. दर महिन्याला त्याच चार दिवसांत तिचा संताप वाढत असेल तर पाळीचं दुखणंही तपासायला सांगा. माती, चुना, पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन तपासा. आणि मूल बोलत नसेल तर सगळ्यात आधी त्याला ऐकू येतं का ते बघून घ्या. 'बापपण उशिरा बोलला होता' या वाक्याने आपल्या वस्तीत अनेक मुलांची दोन-तीन वर्षं खाल्ली आहेत.

डाऊन सिंड्रोमच्या मुलांबद्दल एक ओळ. त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि थायरॉइड मंद होण्याचं प्रमाणही मोठं असतं. 'असंच सुस्त असतं हे मूल' असं समजून थायरॉइडची तपासणी राहून जाते. ती दरवर्षी करून घ्यावी.

औषध, वादळ आणि चप्पल

उलटाही प्रकार असतो. वागणं बिघडतं ते औषधामुळे. फिटवरच्या लेव्हेटिरासिटॅमने काही मुलं चिडचिडी होतात, फेनोबार्बिटोनने काही मुलांना एका जागी बसवत नाही. औषध वाईट असं आम्ही म्हणत नाही, ते जीव वाचवतं. पण नवी गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत मूल बदललं असेल तर ती तारीख वहीत दाखवून डॉक्टरांना सांगा. दोन डॉक्टरांची औषधं चालू असतील तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं दोघांनाही दाखवा. मुलीला व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि ती मोठी होत असेल, तर डॉक्टरांशी आधीच बोला. गरोदरपणात ते औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं.

स्वतःच्या मनाने फिटची गोळी बंद करू नका. अचानक बंद केली की फिटामागून फिट सुरू होते आणि त्यात मूल दगावू शकतं. बंद होण्याचं कारण आपल्याकडे बऱ्याचदा पैसा किंवा पाऊस असतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रस्त्यांवर झाडं आडवी, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्यात औषधांची दुकानंही आली. मे महिना संपायच्या आत फिटचं आणि मनाचं औषध किमान पंधरा दिवसांचं जास्तीचं आणून ठेवावं. गोळ्या आणि कागदांच्या झेरॉक्स झाकणाच्या डब्यात, डबा माळ्यावर. सरकारी रुग्णालयात जास्त दिवसांच्या गोळ्या मागताना पावसाचं कारण स्पष्ट सांगा.

फिट आली की मुलाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचं बटण सोडा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा आणि चप्पल हुंगवल्याने फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं. पाच मिनिटांवर गेली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

आता बाहेरच्या बाधेचं. आपण १९५६ ला ते सगळं सोडलं असं सभेत सांगतो आणि रात्री गुपचूप भगताकडे जातो. आम्ही त्या आईला रागावत नाही. डॉक्टर दोन मिनिटं देतो, भगत तासभर ऐकून घेतो. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. गेल्या जन्मीचं पाप हा शब्द तर आपल्या घरात निघूच नये. रमाई आणि बाबासाहेबांनी पोटची चार लेकरं गमावली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. त्या माउलीकडे बोट दाखवून पाप म्हणायला कोणाची जीभ उचलेल? मग शेजारच्या बाईला ते सहज कसं म्हटलं जातं?

मतिमंद म्हणजे मनोरुग्ण नव्हे

वस्तीत या दोन गोष्टींची फार गल्लत होते. बुद्धीची वाढ कमी असणं वेगळं, मनाचा आजार वेगळा. कायद्यातही ते दोन वेगळे प्रकार आहेत. पण एकाच मुलाला दोन्ही असू शकतात आणि खरी अडचण तिथेच होते. ज्याची समज कमी आहे त्याला दुःख कमी होतं असं लोक धरून चालतात. तसं नाही. त्यालाही उदासपणा येतो, भीती बसते. ज्या मुलाला वर्गात 'फिट्या' म्हणतात, ज्या मुलीला भर मैदानात फिट येऊन कपडे ओले झाले, तिचं शाळेत न जाणं हा आळस नसतो. लहान मुलांचा उदासपणा पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही, चिडण्यातून दिसतो. आवडीचा खेळ सुटतो, जेवण सुटतं, पोट दुखतं म्हणून सकाळी उठत नाही. 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं मूल म्हणालं तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि रागावूही नका. जवळ बसून सरळ विचारा, मरावंसं वाटतं का? विचारल्याने मनात नसलेली गोष्ट मनात येत नाही. आलेली असली तर बाहेर पडते. त्या दिवसापासून फिटच्या गोळ्यांचा डबा, उंदराचं औषध आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि मुलाला एकटं सोडू नका. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र आणि फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, तरी वस्तीत दहातल्या दोघांनाही हा नंबर माहीत नसतो. दाराच्या मागे खडूने लिहून ठेवा.

अपंगत्वाच्या दाखल्यात दोन्ही गोष्टी लिहून घ्या

दाखल्यापायी आपलं फार नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मानसिक आजार, सिकलसेल आणि इतर. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून मिळतात. अनेक आईबाप पायाचा दाखला काढतात, त्यात ३० टक्के येतात आणि ते कागद ट्रंकेत ठेवून देतात. त्याच मुलाला कानाचाही ३० टक्के दोष असेल तर? एकाहून जास्त अपंगत्व असेल तर ते एकत्र मोजायची सोय आहे. सरळ बेरीज होत नाही. मोठ्या टक्क्यांत लहान टक्क्यांचा काही भाग सूत्राने मिळवतात. ३० आणि ३० मिळून ६० होत नाहीत, पण ५० होतात. म्हणजे मूल चाळिशीच्या वर जातं. म्हणून मंडळापुढे जाताना चारही फायली न्या आणि स्पष्ट सांगा की मुलाला एकापेक्षा जास्त त्रास आहेत, सगळे तपासून एकत्र टक्केवारी द्या. नुसती फिट त्या २१ प्रकारांत येत नाही, हेही आधी माहीत असू द्या. म्हणजे हेलपाटा वाया गेल्याचं दुःख होणार नाही. पण फिटबरोबर बुद्धीची किंवा चालण्याची अडचण असेल तर तिची नोंद होते. दाखल्याबरोबर यूडीआयडी कार्ड मिळतं, ते देशभर चालतं.

कार्ड हातात आलं की एसटीची सवलत, तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार योजना आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना या तिन्हींची चौकशी करा. निरामय स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत, आणि त्यात भरती न होता घेतलेले उपचार व थेरपीही येतात. शाळेचं म्हणाल तर ६ ते १८ वयापर्यंत अशा मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. फारच अवघड असेल तर घरी शिक्षण घ्यायचीही तरतूद आहे, पण ती आईबापांनी निवडायची. मुख्याध्यापकांनी सोपं म्हणून ती गळ्यात घालायची नाही. नाव पटावरून काढू देऊ नका.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. डॉक्टर मुलं तपासतात आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयात पाठवतात, हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत खर्च होतो. आम्ही पाहतो की नेमकं त्या दिवशी आया अशा मुलाला घरी ठेवतात, चार लोकांत नको म्हणून. गाडी निघून जाते.

घरात बाकीचेही आहेत

आपल्या बायका सकाळी अलिबाग-नागावच्या बंगल्यांवर साफसफाईला, बंदरावर मासळी निवडायला किंवा बांधकामावर जातात. मागे मुलाला कोण बघणार? कुठे त्याला खोलीत कोंडतात, कुठे खिडकीच्या गजाला ओढणीने बांधतात. पाहणाऱ्याला ती क्रूरता दिसते. ती आई कामावर दिवसभर घड्याळ बघत असते. आणि बांधलं नाही तिथे बहुधा मोठी बहीण शाळा सोडून घरी बसलेली असते. अशा आठवी-नववीत शाळा सुटलेल्या तीन मुली एकाच वस्तीत आम्हाला भेटल्या. त्यांची नावं कुठल्याच फायलीत नसतात.

एका ठिकाणी बचतगटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या आहेत. दुपारी दोन तास विहाराच्या हॉलमध्ये दोघी जणी बसतात, अशी दोन मुलं त्यांच्याकडे असतात. कोणाला फिटचा प्रथमोपचार यावा म्हणून आम्ही एक दिवस शिकवून आलो. त्यामुळे एक बहीण दुपारच्या शाळेत परत जायला लागली. सुरुवातीला कुरबुर झाली. वर्षावासात ग्रंथवाचन चालू असताना मूल ओरडलं की माना वळतात, आईला बाहेर जायची खूण होते. ती बाई मग पुढच्या वेळी येतच नाही. आमचं मत आम्ही मंडळाच्या बैठकीत सांगितलं. दोन मिनिटं वाचन थांबलं तर काही बिघडत नाही. वाचणाऱ्या दादांनी ते मानलं.

आईचं काय, हेही विचारत जा. तिची झोप किती, तिचा रक्तदाब कधी तपासला, ती स्वतः शेवटची कधी हसली. मुलाच्या तारखेला गेल्यावर तिचाही केसपेपर काढा. १४४१६ तिच्यासाठीही आहे. बापांना एवढंच सांगणं आहे की फायली वाचता येत असतील तर वाचा. मुलगा तुमचाही आहे, आणि तारखेला बाप बरोबर आला की डॉक्टरही दोन प्रश्न जास्त विचारतात, असा आमचा अनुभव आहे. वाईट आहे, पण आहे.

गावोगाव एक बातमी सांगितली जाते. जिया राय नावाच्या स्वमग्न मुलीने २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवेपर्यंत ३६ किलोमीटर पोहून दाखवलं. तिचं कौतुक आहेच. पण ती गोष्ट सांगून एखाद्या आईला 'तुम्हीच कमी पडता' असं म्हणू नका. काही घरांत मुलाने स्वतःच्या हाताने भाकरी तोडली हाच मोठा दिवस असतो.

आणि सगळ्या आया एक प्रश्न हळू आवाजात विचारतात: आमच्यानंतर काय? कोणी निवासी संस्थेचं नाव सुचवतं. २०११ साली आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले आणि २०१३ मध्ये दोषींना न्यायालयाने शिक्षा सुनावली. सगळ्या संस्था तशा नसतात. पण ठेवण्याआधी शासनाची नोंदणी बघा, न सांगता भेट द्या, आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलाला आंघोळ घालताना अंगावरच्या खुणा बघा. भेटायला आडकाठी करणारी संस्था असेल तर मुलाला घेऊन या.

मूल १८ वर्षांचं झालं की आईबापांची सही कायद्याने आपोआप चालत नाही, बँकेतही अडते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. अठरावं लागताच अर्ज करावा. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी तो केला, वय साठीला आलं तेव्हा. मुलगा चोविसाचा. कागद हातात पडल्यावर त्यांनी सुनेला बोलावलं, ट्रंकेतल्या नऊ वह्या काढल्या आणि कुठली गोळी कधी सुरू झाली ते पहिल्या पानापासून दाखवायला बसल्या. आता नवी वही सूनच लिहिते. मावशी नुसत्या विचारतात, आज शौचाला झाली का गं.